चित्र आत, चित्रकथी गेटबाहेर

मागच्या महिन्यात आमच्या ऑफिसातली एक भिंत सजली. कॅफेटेरियातली, कॉफी मशीनच्या मागची. गेरूचा रंग, त्यावर पांढऱ्या रेघांची माणसं, मध्ये तारपा वाजवणारा आणि त्याच्याभोवती हात धरून नाचणाऱ्यांची रांग. एचआरचा मेल आला, 'सेलिब्रेटिंग अवर रूट्स'. लोकांनी सेल्फी काढले. मीही काढला. मग सहज अ‍ॅडमिनच्या पोराला विचारलं, "चित्र काढायला कोण आलं होतं रे?" तो म्हणाला, "कोण नाही सर, स्टिकर आहे. व्हेंडरकडून आणलंय. ओल्या फडक्यानं पुसता येतं."

घ्या! आमची मुळं. ओल्या फडक्यानं पुसता येतात.

त्याच आठवड्यात शनिवारी सकाळी सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मेसेज आला : "गेटवर कोणी वासुदेव आलाय, आवाज करतोय. आत सोडू नये. सिक्युरिटीने लक्ष द्यावे." खाली अकरा अंगठे. त्यातला एक माझा. अर्धवट झोपेत दिला होता, पण दिला होता.

दुपारी चहा पिताना या दोन गोष्टी डोक्यात शेजारी शेजारी येऊन बसल्या, आणि खरं सांगतो, चहा कडू लागला. चित्र भिंतीवर चालतं. चित्रातला वाजवणारा खरोखर वाजवत गेटवर आला की चालत नाही. माझं म्हणणं एवढंच आहे, की आपण सुशिक्षित, शहरी, बऱ्या पगाराच्या लोकांनी लोककलेचे दोन तुकडे केलेत. जो तुकडा गप्प बसतो, विकत घेता येतो आणि सोफ्याच्या रंगाला मॅच होतो, तो आपण आत घेतला. जो गातो, बोलतो, दारात उभा राहून आपला वेळ मागतो, त्याला आपण बाहेर ठेवलं. आणि वर 'हेरिटेज जपतोय' म्हणून स्वतःची पाठ थोपटून घेतली.

हे मला असं एकदम सुचलेलं नाही. सुरुवात पिंगुळीला झाली, तिकडे येतो.

मी सांगलीचा. आजोळ साताऱ्याकडचं, खटाव तालुक्यातलं. नोकरीसाठी पुणे, म्हणजे आपल्या निम्म्या पब्लिकचं असतं तसंच. दोन वर्षांपूर्वी डिसेंबरात आम्ही चार मित्र सांगलीहून मालवणला निघालो होतो. कोल्हापूर, आजरा, आंबोली, सावंतवाडी, नेहमीचा रस्ता. कुडाळच्या अलीकडे पिंगुळी लागतं. लोक थांबतात ते राऊळ महाराजांच्या मठासाठी. आमच्यातल्या एकाच्या आईनं नारळ ठेवायला सांगितलं होतं म्हणून आम्हीही थांबलो, आणि तिथेच कळलं की जवळ ठाकर आदिवासी कला आंगण नावाचं एक संग्रहालय आहे. दोघं म्हणाले, "काय राव, मासे थंड होतील." तरी गेलो.

संग्रहालय म्हटल्यावर जे डोळ्यापुढे येतं तसलं काही नाही. परशुराम विश्राम गंगावणे यांनी २००६ साली आपल्या घरचा गुरांचा गोठा साफ करून त्यात हे उभं केलं. सरकारनं त्यांना २०२१ साली पद्मश्री दिली. आत चित्रकथीची चित्रं, कळसूत्री बाहुल्या, चामड्याच्या छायाबाहुल्या. हे सगळं ठाकर आदिवासींचं पिढीजात धन. एकेकाळी सावंतवाडीच्या राजघराण्याचा या कलेला आश्रय होता.

आता चित्रकथी म्हणजे काय, ते नीट सांगतो, कारण मलाही तोवर माहीत नव्हतं. कागदावर रंगवलेली चित्रं असतात. ठसठशीत काळी बाह्यरेषा, मोठे डोळे, रामायण-महाभारतातले प्रसंग. एका कथेच्या चित्रांच्या गठ्ठ्याला पोथी म्हणतात. कथेकरी पोथी पुढ्यात घेऊन बसतो आणि एकेक चित्र उभं करून लोकांना दाखवत कथा सांगतो, गातो. जोडीला वीणा, टाळ, हुडूक. चित्र काढणारी, वाद्य वाजवणारी आणि गाणारी माणसं वेगवेगळ्या खात्यांतली नव्हेत. एकाच घरातली, कित्येकदा एकच माणूस. आपण ज्याला 'पेंटर कम म्युझिशियन' म्हणून कौतुकानं बघू, तो तिथे साधा घरचा माणूस असतो.

मी आयटीवाला, त्यामुळे पहिल्यांदा तोंडातून बाहेर पडलं ते, "अरे, हे तर पॉवरपॉइंट!" सगळे हसले. पण नंतर गाडीत बसल्यावर लक्षात आलं की मी बरोबर उलटं बोललो होतो. आपल्या प्रेझेंटेशनमध्ये बोलणाऱ्याला काढून टाकलं तरी चालतं. 'डेक मेल कर, वाचून घेतो' म्हणतो आपण. इथे बोलणाऱ्याला काढलं की काहीच उरत नाही. चित्रातला राम एका जागी उभा असतो. तो चालायला लागतो तो हुडूक वाजल्यावर. चित्रात कोण रडतंय ते दिसतं, का रडतंय ते गाण्यात असतं. म्हणजे ज्याला आपण चित्र म्हणतो ती अर्धीच वस्तू आहे. ते अर्धं मी साडेतीन हजार रुपयांत विकत घेतलं, काच लावून पुण्याच्या फ्लॅटमध्ये टांगलं, आणि दोन वर्षं आल्यागेल्याला "पिंगुळीचं आहे, ओरिजिनल" असं सांगितलं. त्यातली कथा कुठली, ते एकानंही विचारलं नाही. विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं.

बरं, ही कला कालपरवाची नाही. बाराव्या शतकात चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या नावावर असलेल्या 'मानसोल्लास' या ग्रंथात चित्रं दाखवून कथा सांगणाऱ्यांचा उल्लेख आहे. पैठणला अशाच पोथ्यांची चित्रं सापडली, त्यातली कित्येक पुण्याच्या केळकर संग्रहालयात आहेत. तिथे ती शांतपणे काचेआड आहेत. गाणारी घराणी गेली, कागद राहिले. पैठणचं जे झालं ते पिंगुळीचं अजून झालेलं नाही, हीच त्या गोठ्याची खरी किंमत.

आता वारलीकडे या, कारण आपल्या कुशन कव्हरवर, मगवर, लग्नपत्रिकेवर आणि माझ्या ऑफिसच्या भिंतीवर तीच आहे. वारली घरात लग्नाचा चौक लिहितात. हो, लिहितात असंच म्हणतात. तांदळाच्या पिठानं, गेरूनं सारवलेल्या कुडाच्या भिंतीवर, सवाशिणी तो लिहितात. मध्ये पालघट देवी. आणि त्या लग्नात धवलेरी असते, म्हणजे लग्न लावणारी बाई, पुरोहितच म्हणा ना. तिची गाणी झाल्याशिवाय लग्न लागत नाही. म्हणजे तिथेही चित्र आणि गाणं ही जोडगोळी. पुढे डहाणूजवळच्या गंजाडचे जिव्या सोमा मशे यांनी हीच रेघ कागदावर आणि कापडावर आणली, जगभर नेली. त्यांना २०११ साली पद्मश्री मिळाली, २०१८ साली ते गेले. वारली चित्रांना भौगोलिक मानांकनही मिळालं. उत्तम झालं. पण तुमच्यापैकी किती जणांनी खरा तारपा ऐकलाय? भोपळा आणि बांबूचं ते वाद्य ऐकलं नाही आणि त्याचं चित्र छातीवर छापलेला टीशर्ट मात्र आपल्या कपाटात आहे. माझ्याकडे दोन आहेत.

परवा तर कहर झाला. टीममधल्या एकानं एआयला 'वारली स्टाईलमध्ये आयटी ऑफिस' असं सांगितलं. दहा सेकंदांत चित्र हजर. रेघांची माणसं लॅपटॉपवर बसलेली, मध्ये तारपावाल्याच्या जागी मॅनेजर. ग्रुपवर हशा. मीही हसलो, चित्र गमतीदार होतं हे खरंच आहे. पण बघा, ते यंत्र एवढं सहज करू शकलं कारण त्याच्या आधी आपणच त्या कलेतला माणूस आणि आवाज काढून नुसता आकार शिल्लक ठेवला होता. यंत्रानं फक्त आपलं उरलेलं काम पूर्ण केलं.

आता ही तोडातोड झाली कशी? मला वाटतं याची एक फाईल आहे, आणि ती बरीच जुनी आहे.

१८८५ साली इंग्रजांनी पुणे जिल्ह्याचं गॅझेटियर छापलं. त्यात लोकांची वर्गवारी आहे. ब्राह्मण, व्यापारी, शेतकरी, कारागीर असे मथळे. चित्रकथी कुठे आहेत माहितीये? 'भिकारी' या मथळ्याखाली. गोंधळी तिथेच. वासुदेव तिथेच. इंग्रज साहेबाला दिसलं ते एवढंच की एक माणूस दारात येतो, काहीतरी दाखवतो, गातो आणि धान्य घेऊन जातो. पगार नाही, दुकान नाही, मग हा कोण? भिकारी. टाकला त्या कॉलममध्ये.

साहेब गेला, कॉलम राहिला. मुंबई राज्यात १९५९ साली भीक मागण्याला प्रतिबंध करणारा कायदा झाला. त्यातली 'भीक मागणे'ची व्याख्या एकदा काढून वाचा. सार्वजनिक जागी गाणं, नाच, भविष्य सांगणं किंवा खेळ करून दाखवणं या निमित्तानं पैसे मागितले तरी ती भीकच, असं त्यात धरलेलं आहे. म्हणजे आमच्या आजोळच्या आळीत पहाटे येऊन गाणारा वासुदेव कायद्याच्या भाषेत गाण्याचं ढोंग करणारा भिकारी. २०१८ साली दिल्ली उच्च न्यायालयानं या कायद्यातल्या मुख्य तरतुदी दिल्लीपुरत्या रद्द केल्या. पण कायदा जिथे थांबतो तिथे आपला व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप सुरू होतो.

आणि हा प्रकार दर वेळी अकरा अंगठ्यांवर संपत नाही. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला पाच माणसांना जमावानं ठेचून मारलं. मुलं पळवणारी टोळी आल्याची अफवा मोबाईलवर फिरत होती. मेलेले पाचही जण नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, बहुतेक सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढा भागातले, दारोदार फिरून पोट भरणारे. "तिकडं लांब धुळ्यात झालं" म्हणून सोडून देऊ नका. सप्टेंबर २०२२ मध्ये आपल्या सांगली जिल्ह्यात, जत तालुक्यातल्या लवंगा गावी उत्तर प्रदेशातून आलेल्या चार साधूंना याच संशयावरून बेदम मारलं. नशिबानं ते वाचले. फिरता माणूस म्हणजे संशयित, हे समीकरण आपल्या डोक्यात इतकं पक्कं बसलंय. आमच्या सोसायटीत कुणी कुणाला मारणार नाही, आम्ही सभ्य लोक. आम्ही फक्त 'सिक्युरिटीने लक्ष द्यावे' लिहितो.

माझी आजी शाळेत दुसरीपर्यंत गेलेली. वासुदेव आला की ती सुपात ज्वारी घेऊन बाहेर यायची, डोक्यावर पदर घ्यायची, आणि तो म्हणेल ते पूर्ण ऐकून मगच सूप त्याच्या झोळीत रिकामं करायची. घाईत असली तरी. मी एकदा विचारलं होतं, आधी देऊन टाक ना, जाईल तो. आजी म्हणाली, "आरं, त्यानं कायतरी दिल्याबिगर आपुन कसं द्यायचं? त्याला भिकारी समजलास व्हय?" गॅझेटियरवाल्या साहेबाला जे कळलं नाही ते दुसरी पास बाईला कळत होतं. तो आधी देतो, मग घेतो. याला व्यवहार म्हणतात. आपल्या भाषेत सांगायचं तर सर्व्हिस डिलिव्हर झाली, मग पेमेंट.

आता कुणी म्हणेल, "अरे, ते लोक धार्मिक गाणी म्हणून पोट भरतात, त्यात कला कसली?" मग चला औंधला. आजोळापासून जवळ, लहानपणी यमाईच्या यात्रेला दरवर्षी जायचो. औंधचे राजे भवानराव, म्हणजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी. भला माणूस, वाद नाही. १९३९ मध्ये स्वतःहून संस्थानाची सत्ता लोकांच्या हाती दिली. स्वतः उत्तम चित्रकार, रामायणाची चित्रं काढली, ती 'चित्ररामायण' म्हणून छापली. आणि स्वतः उभं राहून कीर्तन करायचे. म्हणजे हा गृहस्थ रामायण रंगवत होता आणि देवाच्या कथा गाऊन सांगतही होता. बरोबर? आणि पिंगुळीचा ठाकर काय करत होता? रामायण रंगवत होता आणि गाऊन सांगत होता. एकाला आपण कलासक्त राजा म्हणतो. त्यांनी यमाईच्या डोंगरावर १९३८ साली म्युझियम बांधलं, त्यात रविवर्म्याची चित्रं आहेत, हेन्री मूरचं शिल्प आहे, शाळेच्या सहली जातात, जायलाच पाहिजेत. दुसऱ्याची जमात सरकारी यादीत 'अनुसूचित जमातीं'त शोधावी लागते, आणि त्याचं म्युझियम त्याला स्वतःच्या गोठ्यात करावं लागतं. काम तेच. फरक एवढाच की एकाचं दार होतं आणि दुसरा दारोदार होता.

मी राजाला कमी लेखत नाहीये. उलट, औंधला जो मान आहे तोच पिंगुळीला का नाही, एवढंच विचारतोय.

यावर दोन आक्षेप येतात. दोन्ही मला मित्रांनी तोंडावर सांगितलेत, आणि दोन्हींत तथ्य आहे.

पहिला : "चित्रं विकली जातात म्हणून तर कलाकार जगतायत. तू आता विकणंही बंद करणार का?" अजिबात नाही. विकली पाहिजेत, चांगल्या भावानं विकली पाहिजेत. कलाकारानं गरीब राहून आपल्यासाठी शुद्ध राहावं असं म्हणणारा मी कोण? जिव्या मशे कुडाच्या भिंतीवरच थांबले असते तर आज त्यांचं नाव आपल्याला माहीत नसतं. माझा राग स्टिकरवर आहे. स्टिकर विकलं की पैसे छापणाऱ्याला मिळतात. सगळी 'आदिवासी कला' एकाच ढिगातली, बेवारस, कुणीही उचलावी अशी झाली की खऱ्या माणसाला कुणी बोलावतच नाही. मिरजेचंच बघा. मिरजेच्या सतार आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, आम्हा सांगलीकरांची कॉलर ताठ झाली. पण मानांकन मिळालं म्हणून कुणी तंबोऱ्याचं पोस्टर भिंतीला लावून 'मी संगीत जपतो' असं म्हणत नाही ना? तंबोरा छेडावा लागतो. मग चित्रकथी, वारली यांच्याच बाबतीत पोस्टर कसं पुरतं?

दुसरा आक्षेप जास्त टोकदार आहे, आणि तो करणारा मित्र स्वतः गोंधळी समाजातला, माझ्याच बॅचचा इंजिनिअर. तो म्हणाला, "तुला फार पुळका आलाय. माझ्या बापानं संबळ खांद्यावरून उतरवला म्हणून मी आज इथे बसलोय. तुला वाटतं मी परत दारोदार जावं?" मला दोन मिनिटं काही बोलता आलं नाही. कारण तो बरोबर होता. जातीनं लादलेला धंदा पोरानं पुढे चालवावाच, असं म्हणणं हा अन्याय आहे, मग त्याला 'वारसा' असं कितीही गोंडस नाव द्या. ज्याला सोडायचंय त्यानं खुशाल सोडावा. पण त्यानंच पुढे सांगितलं, "बाप आजही घरात संध्याकाळी संबळ काढतो. वाजवायची त्याला लाज नव्हती रे. लोक ज्या नजरेनं बघायचे त्याची लाज होती." हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. कला सोडायला लावणारी नजर आपली. आणि कला लुप्त होतेय म्हणून हळहळणारी पोस्ट टाकणारेही आपणच.

आता माझी स्वतःची गोष्ट. ही सांगायची टाळत होतो, पण दुसऱ्यांना झोडपून स्वतः नामानिराळं राहणं बरं नाही.

तीन वर्षांपूर्वी माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न झालं, सांगलीत. आमच्याकडे लग्नानंतर गोंधळ घालतात. आदल्या रात्रीच्या संगीतसाठी डीजे होता, पस्तीस हजार, एक रुपया कमी केला नाही त्यानं आणि मीही मागितला नाही. गोंधळाच्या पार्टीचे पाच जण, त्यांनी नऊ हजार सांगितले. मी घासाघीस करून सात केले, आणि जिंकल्यासारखा वडिलांना सांगायला गेलो.

त्यांनी पाटावर चौक मांडला. धान्य, कलश, पानं, सुपाऱ्या, सगळं जागच्या जागी. तेही एक चित्रच असतं, हे मला पिंगुळी बघितल्यावर कळलं, तेव्हा नव्हतं कळलं. शेजारी दिवटी. संबळ, तुणतुणं, झांज. गोंधळात आधी सगळ्या देवांना बोलावतात, मग आख्यान लावतात, म्हणजे कथा, आणि शेवटी आरती. रात्रभर चालणारी गोष्ट. मी त्यांच्या नाईकांजवळ गेलो, साठीचे गृहस्थ. म्हणालो, "काका, वीस मिनिटांत उरकेल का? पाहुण्यांना लांब जायचंय, हॉलवालाही कटकट करतोय."

ते म्हणाले, "उरकतो की. देव बोलावतो, आरती करतो. फक्त कथा ऱ्हाईल."

मी म्हणालो, "राहू द्या."

वीस मिनिटांत झालं. फोटो झकास आले. दिवटीच्या उजेडातला संबळवाल्याचा फोटो तर मी फेसबुकला टाकला, वर ओळ लिहिली 'आपली संस्कृती', दोनशे बारा लाईक. म्हणजे मी अगदी तेच केलं ना, जे वर सगळ्यांना सुनावतोय? चित्र ठेवलं. कथा राहू दिली. काकांचं नाव त्या फोटोखाली नाही, कारण मी ते विचारलंच नव्हतं.

तर आता काय करायचं? मोठमोठ्या बाता मारून काही होत नाही, म्हणून चार साध्या गोष्टी सांगतो.

एक. घरात लोककलेचं चित्र असेल तर ते कुणी काढलंय आणि त्यात कुठली गोष्ट आहे, हे शोधून काढा. दोन्ही सांगता येत नसतील तर ती नुसती सजावट आहे, तिला वारसा म्हणू नका. दोन. ऑफिसच्या एथनिक डेला स्टिकरऐवजी माणसं बोलवा, आणि तुमच्या मोटिव्हेशनल स्पीकरला देता त्या दरानं पैसे द्या. 'एक्स्पोजर मिळेल' हे वाक्य बोललात तर माझी शपथ आहे. तीन. लग्नात गोंधळ घालणार असाल तर कथेसकट घाला, नाहीतर घालूच नका. डीजेशी घासाघीस करत नाही ना, मग संबळवाल्याशीही नको. चार, आणि हे सगळ्यात अवघड. गेट.

आमच्या सोसायटीची वार्षिक सभा पुढच्या महिन्यात आहे. मी लेखी विषय दिलाय : वासुदेव, गोंधळी, नंदीबैलवाले आले तर नाव-गाव रजिस्टरमध्ये लिहून, रविवारी सकाळी आठ ते दहा आत सोडावं. पार्सलवाला दिवसातून वीस वेळा आत येतो, त्याची नोंद होतेच, तशीच यांची होईल. सुरक्षेचा प्रश्न खोटा आहे असं मी म्हणत नाही, पण त्याचं उत्तर रजिस्टर आहे, हाकलणं नव्हे. सेक्रेटरी म्हणाले, "तुम्हाला पाठिंबा मिळणं कठीण आहे." मलाही तसंच वाटतं. आतापर्यंत आम्ही तीन घरं आहोत, त्यातलं एक माझ्या त्या गोंधळी मित्राचं आहे. तो म्हणाला, "मत देतो, पण भाषण करू नकोस."

आणि गेल्या रविवारी सांगलीला गेलो होतो तेव्हा वडिलांच्या डायरीतून नाईकांचा नंबर काढून फोन केला. आधी नाव विचारलं. मग म्हणालो, "काका, तीन वर्षांपूर्वी आमच्याकडची कथा राहिली होती. ती घालायचीये, घरच्या अंगणात. रात्रभर. तुम्ही सांगाल ते पैसे." पलीकडे जरा वेळ शांतता. मग ते म्हणाले, "पोरं आता दुसऱ्या कामाला लागल्यात. तुणतुणंवाला बघाया लागंल. सांगतो."

अजून त्यांचा फोन आलेला नाही. मी वाट बघतोय.